जांवयाची जीप

शिवदास हे त्याचं नाव, पण इब्रामपुरात ते वापरायची कुणाला गरजच पडली नव्हती. सगळा गाव त्याला 'जांवय', म्हणजे जावई, म्हणायचा. दोडामार्गाकडचा हा माणूस डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवत होता. बायको विमला इब्रामपूरची, आईबापांची एकुलती एक. सासरे वारले तेव्हा सासूबाई, म्हशी आणि पोफळी एकट्या कशा टाकायच्या म्हणून त्याने खाण सोडली आणि बायकोच्या घरी बिऱ्हाड आणलं. घरजावई म्हटला की गावाला आयतं खाद्य! "जांवयबापू, सासूनं पोटभर वाढलां मरे?" असं कुणी विचारलं की तोही दात काढायचा. पण ते लागायचं हो. त्याच्या मुली गावच्या शाळेत जायला लागल्या, तरी बापाचं नाव जांवयच राहिलं.

गोवा मुक्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण इब्रामपूरला बस मनात येईल तेव्हाच यायची. शिवदासने लिलावात एक जुनी पेट्रोलची जीप घेतली आणि इब्रामपूर ते पेडणे उतारू न्यायला सुरुवात केली. भाजीवाल्या बायका, आजारी माणसं, कचेरीत कामं असलेले म्हातारे, सगळ्यांची सोय झाली. पहिल्यांदाच गाव त्याची वाट बघत उभा राहू लागला. त्याला आणखी काय हवं होतं?

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. गावाबाहेर एक चढ आहे आणि चढाच्या मध्यावर, झाडाखाली, राखणदाराचा दगड. सीमेवरून कोण आत येतो, कोण बाहेर जातो, ते सगळं त्याला कळतं अशी गावाची श्रद्धा. भरलेली जीप त्या दगडापाशी आली की खोकायला लागायची. धक्के द्यायची, मागे फटाफट बार काढायची आणि बंद पडायची. उतारू हसत उतरून चढ पायी चढायचे आणि रिकामी जीप कण्हत कुंथत वर यायची.

देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालणारे बाबलीकाका एकदा त्या जीपमध्येच होते. ते खाली उतरले, दगडाकडे बघितलं आणि म्हणाले, "जांवय, राखणदार भायल्या मनशाक वाट दिना. नाल्ल ठेव. थोडें पाणी गाडयेर शिंपड."

शिवदासने नारळ फोडला. काकांनी गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, म्हाराजा! हो आमच्या गावचो जांवय, भायलो मनीस. ताका वाट दी रे म्हाराजा!" सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणाले. शिवदासही म्हणाला. मग दुखतं तिथेच औषध लावावं म्हणून त्याने बॉनेट उघडलं आणि नारळाचं पाणी थेट इंजिनावर शिंपडलं. काकांनी गाडीवर सांगितलं होतं, यानं उत्साहाच्या भरात इंजिनाला आंघोळ घातली.

तरी जीप खोकायची थांबली नाही, आणि तो हात जोडून बसणाऱ्यातला नव्हता. त्याचा जन्म डिझेलच्या ट्रकांवर गेलेला, आणि डिझेलला प्लग नसतात. पेट्रोलच्या इंजिनात प्लगची ठिणगी पडली तर पेट्रोल पेटणार, नाही पडली तर तो सिलिंडर मुका, एवढं त्याला ऐकून माहीत होतं. बाकीचं त्याने अंगणात बसून स्वतः शिकायचं ठरवलं. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर तो काढून बघू लागला. पहिल्या वायरने त्याला असा झटका दिला की टोपी म्हशीच्या पुढ्यात जाऊन पडली. मग हाताला कोरडं फडकं गुंडाळलं. वायर काढली की इंजिन अडखळायचं, म्हणजे तो सिलिंडर कामाचा. तिसरी काढली तर इंजिनाला काही फरकच नाही. तिसरा मुका! म्हणजे चढावर भरलेली जीप तीनच सिलिंडरांवर ओढत होती. त्याने तिसरा आणि चौथा प्लग आपसात बदलून बघितले, तरी मुका तिसराच. म्हणजे प्लग बरा, वायर गेलेली. वाकवून बघितली तर जागोजाग तडकली होती. पेडण्याहून त्याने चारही वायरी नव्या आणल्या आणि भरलेली जीप चढ सरसर चढून गेली.

आनंदाने त्याने आभाराचा नारळ फोडला. पाणी पुन्हा बॉनेट उघडून इंजिनावर! मग दर आठवडी बाजाराच्या दिवशी तसंच, उगाच देवाच्या मनात नको यायला म्हणून.

आणि एका बाजाराच्या दिवशी, त्याच दगडापाशी, जीप पुन्हा खोकली.

या वेळी कुणी हसलं नाही आणि तेच वाईट होतं. बायका टोपल्या घेऊन उतरल्या. बाबलीकाका संध्याकाळी घरी आले. कठोर नव्हते ते, पण गावाचं ओझं त्यांच्या डोक्यावर. म्हणाले, "वायरी नव्यो घातल्यो, तरी तेंच. देवाक तू मानवना, जांवय. फुडल्या बाजाराक परत रावली जाल्यार लोक बसचे ना. जीप वीक आनी खाणीर परत वच."

जीप विकून खाणीवर परत जायचं! ते गेल्यावर विमला म्हणाली, "हांवूय येतां खाणीर. म्हशी विकूया."

"नाय," शिवदास म्हणाला. "खोड मशिनीत आसा, माझ्यात नाय. मी ती सोधून काढतलंय." आवाज जरा चढलाच. इतकी वर्षं गिळलेलं सगळं त्या आवाजात होतं.

सकाळी त्याने पुन्हा वायरी काढून बघितल्या. या वेळी दुसरा सिलिंडर मुका. दुसरा आणि पहिला प्लग बदलला, तर मुकेपणा पहिल्याकडे गेला. म्हणजे आता वायर बरी आणि प्लगमध्ये खोड. पण प्लग का गेला? ते कळल्याशिवाय नवा घालण्यात अर्थ नव्हता. तोही जाणार, आणि त्याच्याबरोबर आपणही.

ठिणगी उजेडात दिसत नाही, म्हणून म्हशी बाहेर बांधून त्याने जीप गोठ्यात घातली. धूर कोंडू नये म्हणून मागचा भाग दाराबाहेर ठेवला आणि फटींत गोणपाट कोंबले. विमला गाडीत बसून अॅक्सिलरेटर दाबू लागली. काळोखात तो इंजिनावर ओणवा झाला. आणि दिसलं! प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरून एक निळा धागा बाहेरच्या बाहेर सरपटत इंजिनाच्या लोखंडात जात होता. आत पडायची ती ठिणगी बाहेरूनच पळत होती.

"बंद कर!" तो ओरडला. गोणपाट ओढून उजेड केला. विमला खाली उतरून वाकली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या इंजिनाक मुयो लागल्यात."

खरंच, बॉनेटच्या कडेला मुंग्यांची रांग होती. इंजिन तापल्याने सैरावैरा झालेल्या, तरी जागा सोडत नव्हत्या. शिवदासने प्लगवर बोट फिरवलं. चिकट! त्यावर जळून काळी झालेली एक बारीक रेघ. त्याने बोट जिभेला लावलं. गोड! नारळाचं पाणी! तापलेल्या इंजिनावर ते सुकत होतं, त्यातली साखर जळत होती, आणि त्याच काळ्या रेघेवरून ठिणगी वाट काढत होती. देवाने त्याची वाट अडवली नव्हती. त्यानेच स्वतःच्या हाताने अडवली होती, तीही दर आठवड्याला, हात जोडून. तो इतका हसला की सासूबाई पळत आल्या.

त्याने सगळं इंजिन पुसून काढलं, वायरी स्वच्छ केल्या, प्लग नवे बसवले. मग बाबलीकाकांकडे जाऊन काहीही न लपवता सांगितलं आणि वर म्हणाला, "बाजाराक म्होरल्या सीटवर तुमी बसा."

बाजाराच्या दिवशी जीप भरली, ती थोडी भीतीने आणि बरीचशी कुतूहलाने. चढ लागला. मागच्या बायकांनी टोपल्या घट्ट धरल्या. दगड जवळ आला. इंजिन एकसारखं चालत होतं, एकही ठोका चुकला नाही. आणि दगडापाशी शिवदासने स्वतःच ब्रेक दाबला. चाकाखाली धोंडा लावला, इंजिन चालूच ठेवलं आणि नारळ घेऊन उतरला.

काकांनी विचारलं, "बंद पडूंक ना न्हय? मागीर रावलो कित्याक?"

"इतके दिस जीप थांबय, म्हणान मी थांबय," शिवदास म्हणाला. "आज मी आपणहून थांबलंय."

त्याने दगडावर नारळ फोडला आणि सगळं पाणी, शेवटच्या थेंबापर्यंत, राखणदाराच्या पायाशी ओतलं. काका सावकाश उतरले, चपला काढल्या, हात जोडले.

"बा राखणदारा, म्हाराजा! हें तुजें लेकरूं शिवदास तुज्या पांयांकडे आयलां. ताका, ताच्या गाडयेक, ताच्या घराक सांबाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून सगळे म्हणाले. शिवदासने खाली वाकून चाकाखालचा धोंडा काढायला उगाच वेळ लावला.

जीप चढाच्या माथ्यावर पोचली तेव्हा मागून एक बाई टोपली सावरत म्हणाली, "शिवदासा, म्हाका बाजाराच्या तोंडार उतरय रे."

"व्हय," तो म्हणाला.