तिसऱ्यांदा विचारण्याआधी

नवरा गेल्यावर मला रडू आलं नाही, याची काळजी माझ्यापेक्षा गावालाच जास्त होती. बाया येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या आणि मी त्यांना चहा करून द्यायची. तो पहाटे मोहफुलं वेचायला गेला आणि वाघानं त्याला धरलं. वैनगंगेच्या या बाजूला, आमच्या गडचिरोलीकडच्या जंगलात, हे आता कुठल्या ना कुठल्या गावात होतच असतं. त्या साली आमच्या घरात झालं. मला आतून काहीच वाटत नव्हतं. जेवताना भाजीत मीठ आहे की नाही, तेही समजायचं नाही.

तेरवी झाली आणि लगेच ग्रामसभा लागली. आमच्याकडे सभेचा अध्यक्ष कायमचा नसतो, जमलेल्या लोकांतूनच त्या दिवसापुरता एकाला बसवतात. मी अंगणवाडीत मदतनीस. सभेला जायची ती मागे भिंतीला टेकून बसायला. त्या दिवशी एक म्हातारी उठून म्हणाली, "आज हिलेच बसवा. तिचा मान हाय." टाळ्या वाजल्या. मी जाऊन खुर्चीत बसले. तेव्हा कुणी मला विहिरीच्या काठावर बसवलं असतं तरी मी बसले असते.

बसल्यावर लक्षात आलं. आमच्या गावची रीतच आहे, ज्या घरचा माणूस अध्यक्ष, ते घर त्या दिवशी मुकं. अध्यक्षानं कुणाची बाजू घ्यायची नाही, त्याच्या घरच्यांनी तोंड उघडायचं नाही, हातही वर करायचा नाही. फक्त बोलणाऱ्यांना पाळी द्यायची, आणि शेवटी तीनदा विचारायचं, आणखी कुणाचं काही आहे का. तिसऱ्यांदा विचारून कुणी बोललं नाही, की ठरलं ते ठरलं. आमचा ग्रामसेवक नवा होता, शहरातून आलेला. तो कौतुकानं म्हणाला, "बाई, संसदेतही असंच असतं. अध्यक्ष कुणाचाच नसतो." मी टीव्हीवर पाहिलं आहे ते. तिथले अध्यक्ष दिवसभर 'बसा, बसा' म्हणतात आणि कुणी बसत नाही. माझ्या खुर्चीचा तर एक पायच लंगडा होता, नीट बसायची पंचाईत मलाच होती.

हा मान मला भोळेपणानं दिला की गप्प करायला दिला, ते मला आजही सांगता येत नाही. विचारलं तर सगळे 'भोळेपणानं' म्हणतील, म्हणून मी विचारत नाही.

विषय माझ्या नवऱ्याचाच होता. जंगलखातं मोहाचा सगळा पट्टाच बंद करेल, अशी गावाला धास्ती होती. मोह बंद म्हणजे निम्म्या गावाची चूल अडचणीत, हे मलाही कळत होतं. त्यावर कुणीतरी तोड काढली होती. ठरावात लिहायचं, की गावाचा नियम चांगला आहे, जोडीदाराला हाक मारून दोघांनी मिळून जायचं. हा माणूस हाक न मारता एकटाच गेला. चूक त्याची, गावाची नाही, म्हणून जंगल बंद करू नका. म्हणजे जंगल वाचवायचं होतं, आणि त्यासाठी माझा नवरा कागदावर कायमचा अडाणी आणि हेकट ठरणार होता.

त्याचा जोडीदार म्हणजे माझा चुलत दीर. घरं वेगळी, पण आमची दोन्ही अंगणं एकाच कुंपणाला लागून. तो उभा राहिला आणि पायाकडे बघत बोलला, "त्यानं मले हाक नाई मारली. मारली असती तं मी गेलो नसतो का?"

हाक मारली होती. मी अंगणात चूल पेटवत होते. नवरा टोपली घेऊन कुंपणापाशी उभा राहिला आणि त्यानं याच्या नावानं दोनदा हाक मारली. थोडा थांबला, मग निघाला. आणि आता ते सांगू शकणारी मी, कुणाचीच बाजू न घेण्याच्या खुर्चीत बसले होते.

लोक बोलत राहिले. "काऊन गेला एकटा? पोरीचा तरी विचार करायचा." "मोठा धीट समजे सोताले." मी एकाला थांबवत होते, दुसऱ्याला पाळी देत होते. "त्यायचं होऊ द्या, मग तुम्ही बोला," असं मी म्हणत होते, आणि माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता. एवढ्यात बायकांच्या बाजूनं माझी मुलगी उठली. ती ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकते. त्या पहाटे ती पण घरी होती. तिचं तोंड लाल झालं होतं. "मले सांगायचं हाय," ती म्हणाली. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"बस," मी म्हणाले. "आपलं घर आज बोलत नाही."

ती बसली. तिनं माझ्याकडे जे पाहिलं, तेवढं मला त्या दिवशी लागलं. बाकी काही लागलं नाही.

मी विचारलं, "आणखी कोनाचं काही हाय का?" कुणी बोललं नाही. दुसऱ्यांदा विचारलं. कुणी बोललं नाही. ग्रामसेवकानं पेनचं टोपण काढलं. आणि मी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

आधीच ठरवून केलं असं नाही. तोंडच उघडलं नाही. मग हळूहळू ध्यानात आलं, की मी विचारत नाही तोवर सभा संपत नाही, आणि किती वेळात विचारायचं हे कुठल्याच रीतीत सांगितलेलं नाही. मी बसून राहिले. दाराशी आलेलं ऊन आत सरकलं. लहान पोरं कुरकुरायला लागली, बाया त्यांना घेऊन बाहेर जाऊन परत आल्या. "बाई, विचारा न," एक म्हातारा म्हणाला. "लोकायले भुका लागल्या." मी मान हलवली आणि बसून राहिले. दिराकडे मी बघत सुद्धा नव्हते. समोरच्या भिंतीला पोपडे आले होते, ते बघत होते. कुणी हसलं, कुणी चिडलं.

पुष्कळ वेळानं दीर उठला. उठताना त्यानं शेजारच्याच्या खांद्याचा आधार घेतला.

"मारली होती हाक," तो म्हणाला. "दोनदा मारली. मी आइकली. झोप येऊन राह्यली होती, मी उठलो नाई." एवढं बोलून तो उभाच राहिला.

"बसा," मी म्हणाले. मग तिसऱ्यांदा विचारलं. आता कुणाचंच काही नव्हतं. ठरावात लिहिलं गेलं, की त्यानं जोडीदाराला हाक मारली होती, आणि यापुढे जोडीदार आला नाही तर उजाडेपर्यंत कुणी जंगलात जाणार नाही. अध्यक्ष म्हणून मी खाली सही केली. मला बरं वाटायला हवं होतं. मी घरी येऊन भात टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुंपणापाशी हाक आली. "वयनी, मोहाले येता का?" मी जागीच होते. मुलगी उठून बसली आणि हळूच म्हणाली, "माय, काका हाक मारून राह्यला." मी म्हटलं, "आइकलं." आणि उठले नाही. त्यानं पुन्हा एकदा हाक मारली. मग काहीच आवाज नाही. वाटेवर पावलंही वाजली नाहीत.

उजाडल्यावर बाहेर आले, तर तो रिकामी टोपली पुढ्यात घेऊन कुंपणाशी बसला होता. जंगलात गेला नव्हता. मी चहा केला आणि नेऊन त्याच्या हातात कप दिला. तिथं उभ्या उभ्याच मला रडू फुटलं. मला दिराचा राग येत नव्हता. राग येत होता तो माझ्या नवऱ्याचा. त्याला बोल लागू नये म्हणून मी अख्खं गाव उपाशी बसवलं, पण उजाडेपर्यंत थांबणं एवढं सोपं होतं, आणि तो थांबला नाही.