यशोदाबाई आणि ठेंगणी

यशोदाबाई मला पहिल्या दिवसापासून ‘वकीलसाहेब’ म्हणत. मी वकील कधीच नव्हतो. न्यायालयात अधीक्षक होतो आणि निवृत्त होऊनही बरीच वर्षे लोटली होती. ही दुरुस्ती मी त्यांना अनेकदा सुचवली. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे, “व्हय, वकीलसाहेब.”

आमची ओळख झाली ती कुकीमुळे. रोह्याच्या कंपनीत असलेल्या माझ्या मुलीची बदली गुजरातेत झाली आणि तिची ही कॉर्गी जातीची कुत्री पेणला माझ्या घरी आली. आखूड पाय, लांब धड, कोल्ह्यासारखे कान. ही जात मूळची गुरे राखणारी, एवढे मुलीने सांगितले होते. त्याचा अर्थ मला पंधरा दिवसांत कळला. सोसायटीच्या आवारात गप्पा मारणाऱ्या माणसांच्या घोट्यांना तोंड लावून कुकी त्यांना पाण्याच्या टाकीपाशी गोळा करी आणि सगळे जमले की समाधानाने खाली बसे. अध्यक्षांनी मला नोटीस दिली: कुत्री हलवावी, अन्यथा रविवारच्या सभेत तसा ठराव करण्यात येईल. असा ठराव करण्याचा अधिकार ज्या सभेला नाही, तिने तो करू पाहावा, याचा संताप मला आजही येतो. मी अकरा पानांचे उत्तर लिहायला घेतले.

यशोदाबाई मूळच्या गागोदे बुद्रुकच्या. पेणच्या वेशीवर त्यांच्या चौदा शेळ्या होत्या आणि आमच्या इमारतीत एका घरी त्या दूध घालीत. मला आवारातल्या बाकावर लिहिताना पाहून त्या थांबल्या आणि कुकीला काय काम देता, असे त्यांनी विचारले. ती पाळीव आहे, तिला काम नसते, असे मी सांगितले.

“मंग ती तुमालाच वळणार,” त्या म्हणाल्या. “सकाळी घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी दूध घालून परतणाऱ्या यशोदाबाईंबरोबर आम्ही निघालो. वाटेत गणपतीच्या कारखान्यापुढे न रंगवलेल्या मूर्ती रांगेने उन्हात सुकत होत्या. कुकीने त्या कळपाभोवती तीन फेऱ्या मारल्या, भुंकून पाहिले. एकही गणपती जागचा हलला नाही. यशोदाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. “उठायचे नाय ते, गो ठेंगणे. त्यांचं आवातन यायचंय अजून.”

शेळ्या मात्र हलल्या. अर्ध्या तासात कुकीने माळावर पांगलेला कळप एका झाडाखाली आणला. पण ती बसेना. यशोदाबाईंनी शेळ्या मोजल्या नाहीत, फक्त तिच्याकडे पाहिले. “ही बसत नाय, म्हंजे कोणतरी ऱ्हायलंय.” करवंदीच्या जाळीत एक करडू अडकलेले सापडले.

मी त्यांच्याकडे साक्षीदार म्हणून प्रतिज्ञापत्र मागितले. कागद कशाला, मी हाय ना, असे म्हणून त्यांनी विषय संपवला. रविवारी मी उत्तर वाचत तिसऱ्या पानावर असताना त्या दुधाची किटली घेऊन सभेत उभ्या राहिल्या. ही कुत्री चावते, असे अध्यक्षांनी त्यांना ऐकवले.

“रगत आलं कोणाला? दाखवा.”

कोणीही पाय पुढे केला नाही.

“मंग चावली नाय, हाकली. तुमी इस्कटून उभे ऱ्हाता, तिला बगवत नाय.”

आधी मागच्या रांगेतले कोणी हसले, मग खुद्द अध्यक्ष. महिन्याची मुदत मिळाली. माझ्या उरलेल्या आठ पानांची इतिवृत्तात नोंद झाली नाही, ही तक्रार मी लेखी नोंदवली आहे. पण कुकी रोज सकाळी शेळ्यांमागे जाऊ लागली, दमून घरी येऊ लागली आणि सोसायटीतले घोटे निर्धास्त झाले. महिन्यानंतर नोटिशीचा विषय कोणी काढलाच नाही. “माणसाचंबी तसंच हाय, वकीलसाहेब,” यशोदाबाई मला म्हणाल्या. “काम नसलं का कागद लिवतो.” मी निषेध नोंदवला. त्या म्हणाल्या, “व्हय.”

तीन वर्षे हा क्रम चालला. गेल्या माघात यशोदाबाई थोड्याशा आजाराने गेल्या. दहाव्याला मी कुकीला घेऊन गेलो. अंगणात माणसे चार ठिकाणी बसली होती. कुकीने कोणाच्याही घोट्याला तोंड न लावता नुसत्या फेऱ्या मारल्या आणि माणसे आपण होऊन सरकत गोठ्यापाशी एकत्र आली. शेळ्याही आतच होत्या.

कुकी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. जे झाले ते तिला कोणत्या शब्दांत कळवावे, हे मला सुचेना.

“बस गो, ठेंगणे,” मी म्हणालो.

ती बसली नाही.