मुखवट्याशेजारची पाटी

कुठल्याही संग्रहालयात शिरल्या की भारतीताई आधी जमिनीवर मांडी घालून बसायच्या. रखवालदार धावत यायचा, आम्ही ओशाळायचो. ताई मात्र काचेच्या पेटीकडे मान वर करून बघत म्हणायच्या, "आमच्या बाया देवासमोर बसतात गं. ही पेटी उभ्या साहेबासाठी केलीय."

शिरवणे गावच्या आगरी घरातल्या या बाईंच्या हाताखाली मी प्रदर्शनाच्या मांडणीचं काम शिकले. वस्तू कुठे ठेवायची, उजेड कुठून पडू द्यायचा, पाटीवर काय लिहायचं, सगळं त्या ठरवत. रंगात आल्या की गावची बोली तोंडात यायची. "मांडनी म्हंजे सजावट नाय. कोन कुनाकडं कसं बघतंय, ते ठरवायचं काम हाय."

बेलापूरच्या एका प्रदर्शनासाठी परदेशातल्या संग्रहालयाने देवीचा पितळी मुखवटा तीन महिन्यांकरता पाठवला. तो ताईंच्या आजोळचा, खाडीकाठच्या गावातला. मिठागरांवर छापा घालायला आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याने तो देवळातून उचलून नेला, असं गाव सांगायचं. सोबत आलेल्या पाटीवर मात्र होतं, 'ग्रामस्थांकडून भेट'. हा मजकूर बदलायचा नाही, काचेला फूल-कुंकू लागू द्यायचं नाही, अशा त्या संग्रहालयाच्या करारातल्या अटी होत्या.

ताई मला घेऊन गावातल्या हिराआयकडे गेल्या. मी पाटी वाचून दाखवली. नव्वदीची म्हातारी ताडकन म्हणाली, "भेट? आपली आय कुनी भेट देतं का गं? त्यानं नेली. माज्या आज्यानं डोल्यांनी बगितलंय."

ताईंनी मुखवटा बसलेल्या माणसाच्या नजरेला येईल इतका खाली मांडला. काचेपासून हातभर अलीकडे फुलांसाठी लाकडी पायरी केली. परदेशातून आलेली पाटी होती तशीच लावली आणि तिच्या शेजारी, तेवढ्याच आकारात, हिराआयचे शब्द.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्या संग्रहालयाचे प्रतिनिधी आले. दुसऱ्या पाटीचा अर्थ कळताच म्हणाले, "ही काढा, नाहीतर मुखवटा परत नेतो." प्रदर्शन भरवणाऱ्या आमच्या संस्थेचे संचालक लगबगीने ताईंकडे वळले. "ताई, कशाला टेन्शन? काढून टाकू ना."

ताईंचा आवाज जराही चढला नाही. त्यांनी करार पुढे सरकवला. "तुमच्या वाक्यातलं अक्षरही बदललेलं नाही. त्याच्या शेजारी कुणी बसायचं नाही, असं कुठे लिहिलंय, दाखवा."

पाहुण्यांनी करार दोनदा वाचला, बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलले. परत आले आणि म्हणाले, "राहू द्या."

दुसऱ्या दिवशी गावच्या बायका आल्या. हिराआय मुखवट्यासमोर बसली. कितीतरी वेळ बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "बारीक झाली गं आमची आय." आदल्या दिवशी न डगमगलेल्या ताई पार्टिशनमागे गेल्या आणि पदराने डोळे पुसत उभ्या राहिल्या.

तीन महिन्यांनी मुखवटा खोक्यात बंद होऊन परत गेला. पुढे काही महिन्यांनी त्या संग्रहालयाचं पत्र आलं. त्यांनी आपल्या दालनातली पाटी बदलली होती. 'भेट' हा शब्द काढून तिथे लिहिलं होतं, 'ग्रामस्थांच्या इच्छेविरुद्ध नेला'.

मी आनंदाने ओरडलेच. ताईंनी पत्र शांतपणे वाचलं, घडी घातली.

"शब्द तर परत दिला," त्या म्हणाल्या. "आता आयला आनायची." मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. "उघड लॅपटॉप, पत्र लिहू. आणि 'विनंती' हा शब्द कुठेही घालू नकोस."