तांबीची गोष्ट सांगायची राहून गेली

माझ्या बायकोला दुसरं मूल होत नव्हतं, त्याला कारण मी होतो, आणि ही गोष्ट मी चार वर्षं साफ विसरलो होतो.

मी किन्हवलीजवळच्या एका गावात ग्रामपंचायतीचा शिपाई आहे. शिपाई म्हणजे नुसता फायली उचलणारा नव्हे! गावात कुणाला दवाखान्याचा कागद आला, बँकेचा आला, कोर्टाचा आला, की तो आधी माझ्याकडे येतो. मी चष्मा लावतो (नंबर नाही, पण लावला की माणूस वाचतोय असं वाटतं), दोनदा ‘हं’ म्हणतो आणि समजावून सांगतो. कुटुंबनियोजनावर तर मी पंचायतीच्या ओट्यावर बायकांना भाषणसुद्धा दिलंय. तेव्हा पुढचं वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही.

आमची स्वरा जन्मली ती शहापूरच्या एका दवाखान्यात. आत सुरेखा कळा देत होती, बाहेर मी येरझाऱ्या घालत होतो. एवढ्यात नर्सबाईंनी दार उघडलं.

“पेशंटचे मिस्टर कोण?”

“मी, मी!”

“बाळंतपण झालं की लगेच तांबी बसवायची का? पुढचं मूल लांबवता येईल. बाईला विचारलं, तर ती कळांत नुसतं ‘त्यांना विचारा, त्यांना विचारा’ म्हणतेय.”

तांबी म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. गर्भाशयात बसवायची ती एवढीशी वस्तू, तांब्याची तार गुंडाळलेली. भाषणात चित्र दाखवलं होतं मी! “बसवा, बसवा. एकदम आरामाची असते,” असं मी ठणकावून सांगितलं (जणू मलाच बसवायची होती) आणि सही ठोकली.

मुलगी झाली. नर्सबाई पुन्हा आल्या. “तांबी बसवलीय. बाई आता फार थकलीय, पण तिला नीट समजावून सांगा. आणि दीड महिन्यानं दाखवायला आणा.”

“सांगतो की!” म्हणालो आणि पेढे आणायला पळालो.

आता सांगायचं कुठे? खाटेच्या एका बाजूला माझी आई, दुसऱ्या बाजूला सासूबाई. दोघींच्या मध्ये बसून असला विषय काढायचा? ओट्यावर गावच्या बायकांपुढे बोलणं वेगळं, आईपुढे वेगळं! तिसऱ्या दिवशी सुरेखा बाळाला घेऊन मुरबाडकडे माहेरी गेली. तिथे फोन एकच, सासऱ्यांचा. आणि त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे तो कायम स्पीकरवर. ओसरीवर चार माणसं ठरलेली.

“सुरेखा, ती गोष्ट लक्षात आहे ना?”

“कुठली वो?”

“तीच… नर्सबाईंची.”

“बाळाला ऊन द्यायची?”

“हां,” मी म्हणालो, “तीच.”

मागून सासरे गरजले, “रोज देतो ऊन! तुमी काळजी नका करू, जावईबुवा!”

आधी लाजलो. मग म्हटलं, घरी आली की सांगू. ती घरी आली तेव्हा खळ्यावर भाताची झोडणी चालू होती, घरात पाहुणे होते, पोरगी रडत होती. दवाखान्यात दाखवायला न्यायचंही राहिलं. मग मी विसरलो. लोकांना हे पटत नाही. मलाही पटत नाही, पण विसरलो हे खरं.

स्वरा दोन वर्षांची झाली तशी आईने सुरुवात केली. “एकावर काय थांबताव रे? तिला भाऊ-बहीण नको?” आम्हा दोघांनाही हवंच होतं. एक महिना गेला, सहा गेले, वर्ष गेलं. आईने सुरेखाला मंगळवार धरायला लावला, मग शुक्रवार. शेणवे गावाच्या पुढे राहणाऱ्या एका भगताने कसलीशी मुळी उगाळून प्यायला दिली. ती इतकी कडू, की पिताना सुरेखाच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि मी शेजारी बसून तिला शिकवायचो, “नाक दाबून पी, म्हणजे लागत नाय!”

दर महिन्याला पाळी आली की ती कोपऱ्यात तोंड फिरवून बसायची. पाळीही जड जायची, पोटात दुखायचं. “माझ्यातच काय तरी खराबी हाय,” ती म्हणायची. “असू दे गो. मी तुला कधी काय बोललो का?” असं मी म्हणायचो. केवढ्या मोठ्या मनाचा नवरा! आणि ती बिचारी, मी बोलत नाही म्हणून माझे उपकार मानायची.

माझ्या चुलतबहिणीच्या ओटीभरणाला एक म्हातारी तिला म्हणाली, “तुझा पाळणा हलंना झालाय, तू जरा मागं ऱ्हा गो.” सुरेखा मागे राहिली. घरी येऊन डोकं दुखतंय म्हणाली आणि जेवली नाही.

पुढच्या पावसाळ्यात भातलावणी करताना ती चक्कर येऊन चिखलात बसली. शहापूरला नेली. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीला घेतली. काय होतंय, हे त्यांनी तिला विचारलं, पण उत्तर अर्थातच मी दिलं.

“मूल राहत नाही, मॅडम. सगळं करून बघितलं.”

डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत होत्या. “पण तांबी आहे ना हिला?”

“नाय वो,” सुरेखा म्हणाली. “मी कदी बसवलीच नाय.”

“ही काय, स्पष्ट दिसतेय. तांबी असताना मूल कसं राहील?” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्हाला माहीत होतं?”

आणि मला सगळं आठवलं! दार, सही, पेढे, सासऱ्यांचा स्पीकर, सगळं एका दमात.

“सांगणार होतो,” मी म्हणालो.

सुरेखा ओरडली नाही, रडली नाही. तिने फक्त विचारलं, “मंग माझ्यात खराबी नव्हती?”

“नाही.”

“मंग मी ते कडू कशाला पीत होते वो?”

गावाला सगळं समजावून सांगणारा मी, खिशातला चष्मा काढून पुसत बसलो.

तांबी त्याच दिवशी काढली, दोन मिनिटांत. घरी जाताना सुरेखाने एकच अट घातली. “आईंना तुमी सांगायचं. माझ्यासमोर.” सांगितलं. आईने हातातली पळी उगारली आणि मी पाठ पुढे केली. पण तिने पळी खाली ठेवली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. “काय काय बोलले रे मी त्या पोरीला!” त्यापेक्षा पळी बसली असती तर बरं झालं असतं.

याला आता दोन वर्षं होतील. मूल अजून राहिलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, तांबीचा यात काही संबंध नाही, ती काढली की मूल राहतं. आमच्या दोघांच्याही तपासण्या झाल्या, दोघांतही काही निघालं नाही. कुणाकुणाला वेळ लागतो, म्हणतात. घरात आता उपास नाहीत, मुळी नाही, आई सुरेखाला एका शब्दाने दुखवत नाही. पण दर महिन्याला सुरेखा गप्प होते ती होतेच. मग आई माझ्याजवळ येऊन हळूच विचारते, “जना, आठव बरं. आजून काय सांगायचं राह्यलंय का?”

मी खरोखर बसून आठवतो. काहीही सापडत नाही.

परवा तर सुरेखाच म्हणाली, “आठवा ना वो नीट. काय तरी विसरले असाल तुमी.”

ती चेष्टा करत नव्हती. उभ्या आयुष्यात माझ्या विसरभोळेपणावर कुणी एवढी आस लावून बसलं नव्हतं, आणि नेमका आत्ताच मी काहीएक विसरलेलो नाही!