काकूंचा जंतू, बिस्किटचा जंतू

“कुत्र्याला आता घरात ठेवू नका, काकू. शंभर टक्के त्याच्यामुळेच झालंय,” रिपोर्ट पुढे सरकवत मी म्हणाले.

मी तेव्हा मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमधल्या एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट होते. जेसल पार्कच्या नाईक काकूंच्या पायाची जखम दोन महिने भरत नव्हती. घरात त्या आणि बिस्किट नावाचा कुत्रा, एवढंच. बिस्किटच्या कानातून पू यायचा. एकाचा जंतू दुसऱ्याला लागला असेल का, म्हणून मी दोघांचे स्वॅब घेतले, प्लेटवर जंतू वाढवले आणि दोन ट्यूब भरून मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पाठवल्या. दोन हजार नऊच्या सुमाराची गोष्ट. तिथे जंतूंचे जिनोम, म्हणजे त्यांची सगळी जनुकीय लिपी, अक्षर न् अक्षर वाचून ताडून बघत. दोन्ही तंतोतंत सारखे निघाले. मी भलतीच खूश. असली केस आमच्यासारख्या छोट्या लॅबला कुठे मिळते?

काकूंनी बिस्किटला काशीमीऱ्याला, भाच्याच्या गोडाउनवर पाठवून दिलं.

आठवड्याने संस्थेतल्या मॅडमचा फोन आला. “एकही अक्षर इकडचं तिकडे नाही, हे मला खटकतंय. वेगळ्या शरीरांत राहिल्यावर थोडाफार फरक पडतो. दोन्ही ट्यूब एकाच प्लेटमधून तर भरल्या नाहीत ना?”

“मॅडम, पंधरा वर्षं हेच काम करतेय,” मी म्हणाले. जरा तोऱ्यातच.

फोन ठेवून फ्रीजमधल्या प्लेट्स काढल्या. नावं फक्त झाकणांवर होती. ट्यूब भरल्या त्या दिवशी दोन्ही प्लेट्स शेजारी उघडून मी एक ट्यूब भरली, झाकणं लावली, ती अदलाबदल होऊन लागली, आणि झाकणावरचं नाव बघून दुसरी ट्यूब पुन्हा त्याच प्लेटमधून भरली. दुसरं काही असणं शक्यच नव्हतं.

दोन्ही प्लेट्समधून नव्याने ट्यूब पाठवल्या. जंतू चक्क दोन वेगळ्या जातींचे निघाले. झाकणांवर आता भरवसा नव्हता, पण कोणता कोणाचा ते जातीच सांगत होत्या: काकूंचा माणसांच्या नाकात राहणारा, बिस्किटचा कुत्र्यांच्या कातडीवरचा.

मी आधी गोडाउनवर गेले. वॉचमन म्हणाला, “वो तो तीसरे दिन रस्सी तोड़के भाग गया, मैडम. हाइवे की तरफ.”

तिथून जेसल पार्कला जाऊन काकूंना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मान वर करवत नव्हती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

काकू म्हणाल्या, “टेम्पोत चढवताना तो माझ्याकडे झेपावत होता हो. मी हातसुद्धा लावला नाही त्याला. जंतू लागतील म्हणून.”

बिस्किट सापडला नाही. प्लेटवर नाव तळाला लिहायचं असतं, झाकणाला नाही. लॅबमध्ये नवीन येणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी हे इतकी वर्षं मीच शिकवत आले होते.