उघड्या अंगावर काळी फीत

हुतूतूचा गडी उघडा खेळतो. कमरेला चड्डी, अंगाला खोबरेल आणि तोंडात दम, एवढाच त्याचा पोशाख. अशा माणसाला हुतात्म्याच्या स्मरणाची काळी फीत लावायची तर ती नेमकी कुठे लावायची, या प्रश्नावर आमच्या गावातली शहाणीसुरती माणसं देवळाच्या पायरीवर बसून घसा बसेपर्यंत भांडली. चीनशी लढाई झाली, त्यानंतरचा तो मे महिना होता. मुंबईहून चाकरमानी आले होते, आणि चाकरमानी आले म्हणजे गावाला काहीतरी नवीन करावंच लागे.

ज्याच्या स्मरणाची फीत, तो हुतात्मा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला दादा म्हणत असू. अडचण एवढीच होती की दादा हुतात्मा झाला होता की नव्हता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो पलटणीत होता. लढाईच्या वेळी त्याला नेफाकडे, चीनच्या सीमेवर नेलं आणि दिवाळी उलटल्यावर तार आली, बेपत्ता म्हणून. तार वाचून दाखवायला खुद्द पोस्टमास्तर आले होते. त्यांनी टोपी काढली तेव्हा आईने त्यांना ती पुन्हा घालायला लावली. तिचं म्हणणं सरळ होतं. मेला असता तर मेला असं लिहिलं असतं, सरकारला कसली भीड? बेपत्ता म्हणजे हरवला, आणि हरवलेला माणूस वाट विचारत विचारत येतो. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच कायदा लागू झाला. कुणी रडायचं नाही. जित्या माणसासाठी रडणं अशुभ असतं.

दादा कधीच आला नाही, हे आताच सांगून टाकते. वाचणाऱ्याला ताटकळत ठेवणं मला जमत नाही.

हा कायदा सगळ्यात जास्त लागू होता तो वहिनीला. ती दोडामार्गाकडची, काजूच्या डोंगरातली. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत दादा सीमेवर गेला होता. आई रोज सकाळी तिचं कपाळ बघे. कुंकू जरा फिकट वाटलं तर परत लावायला पाठवी. वडील मी लहान असतानाच तापाने गेले होते, त्यामुळे मोकळ्या कपाळाने जगणं म्हणजे काय ते आईला कुणी सांगायला नको होतं. ती सुनेचं कुंकू राखणीला बसल्यासारखी जपत होती. मीही तिच्या बाजूची होते. वहिनीचे डोळे भरून आले की मी तिला घाईघाईने दुसऱ्या कामाला लावी.  ती चुलीपुढे बसे आणि ओलं लाकूड असो वा सुकं, धुराला नावं ठेवी.

गाव मात्र देशभक्तीने पेटलेलं होतं. लढाई आमच्यापासून इतकी लांब झाली होती की पेटायला काहीच हरकत नव्हती. एका चाकरमान्याने घरातल्या चिनी मातीच्या सगळ्या बरण्या फोडाव्यात अशी सूचना मांडली. ऐन लोणच्याच्या दिवसांत. बायकांनी त्याला एकच विचारलं, लोणचं मग तुझ्या टोपीत घालायचं काय? बरण्या वाचल्या. मग त्याने फितीची कल्पना काढली. तो गिरगावात कापडाच्या दुकानात कामाला होता. मुंबईत कुठल्याशा सामन्यात खेळाडूंनी काळी फीत लावलेली त्याने पाहिली होती, आणि येताना काळ्या फितीचं अख्खं रीळ घेऊनच तो एस्टीत बसला होता. म्हणजे ठराव गावात व्हायच्या आधी फीत आली होती.

दर मे महिन्यात देवळासमोरच्या मैदानात आमच्या गावाचा आणि खाडीपलीकडच्या गावाचा हुतूतूचा सामना होई. आमच्या बाजूने माझा मधला भाऊ खेळे. मी त्याला नुसतं भाऊ म्हणे. त्याच्यासारखा चढाई करणारा त्या पट्ट्यात नव्हता. तेव्हा त्याच्या दंडावर त्याच्याच भावाची फीत, हा देखावा चाकरमान्याला मनापासून आवडला होता. बोलताना त्याचा आवाज दाटून येई. दादाशी तो आयुष्यात दोन शब्द बोललेला नव्हता.

आता प्रश्न जागेचा. उघड्या छातीवर पिन टोचता येत नाही. चड्डीला लावावी तर गडी जमिनीवर बसला की हुतात्मा त्याच्या बुडाखाली जाणार. पायाला बांधली तर दृष्ट लागू नये म्हणून बांधलेल्या काळ्या दोऱ्यासारखी दिसणार. कपाळाला बांधून एकाला उभा करून पाहिला, तर तो दरोड्याला निघाल्यासारखा दिसला आणि त्याची स्वतःची बायको हसली. शेवटी दंड ठरला. त्यावर खाडीपलीकडच्यांनी हरकत घेतली. आमच्या हाताला फीत लागली तर तो गडी धरला असं मानायचं की नुसती फीत धरली असं मानायचं? पंच म्हणून शाळेचे मास्तर होते. ते म्हणाले, विचार करून सांगतो. ते अजून सांगायचे आहेत.

बरं, आमच्याकडे हुतात्मा आणि त्यांच्याकडे नाही, हे त्यांना कसं सोसावं? त्यांनीही शोधाशोध केली आणि मागच्या मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात गेलेला एकजण काढला. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना तो चांगला आठवत होता. तो लढाईत गेला हे खरं होतं, पण हगवणीने गेला होता. हगवणीच्या माणसाला फीत चालते का, यावरून दोन्ही गावांत जवळजवळ मारामारी झाली. मला विचाराल तर चालते. घरापासून हजार कोस लांब, अनोळखी पाण्याने पोट बिघडून मरणं ही काही मजा नव्हे. पण तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

आमच्या घरी हसायचं कुणी नव्हतं. फीत म्हणजे मेल्याची खूण. ती सगळ्या गावादेखत, देवासमोर, सख्ख्या भावाच्या दंडावर बांधायची म्हणजे दादा मेला असं गावाने ठरवल्यासारखं होतं. मग दुसऱ्या दिवशी बायका दारात येणार, वहिनीच्या बांगड्या उतरवणार, कपाळ पुसणार. आईने भाऊला जेवताना सांगितलं की ती फीत बांधलीस तर जेवायला दुसरं घर बघ. भाऊ बरं म्हणाला. मैदानावर चाकरमान्याने सांगितलं की तू फीत बांधली नाहीस तर गावाचं नाक कापलं जाईल. भाऊ त्यालाही बरं म्हणाला. चढाईत डावीकडे जातो असं दाखवून उजवीकडे हात मारणारा माणूस घरातही तसाच वागतो. मला त्याचा भयंकर राग आला होता. वहिनी हे सगळं ऐकत भात वाढत होती. तिला काय वाटतं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

सामन्याच्या संध्याकाळी आम्ही तिघीही गेलो. बायका देवळाच्या बाजूच्या चिऱ्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. सातही गडी तेलाने चकचकत रांगेत उभे राहिले आणि सातांच्याही दंडाला काळी फीत. भाऊच्याही. तो आमच्याकडे बघतच नव्हता. समोर खाडीपलीकडच्यांनीही त्यांच्या माणसाच्या फिती बांधल्या होत्या. तेलामुळे फिती सारख्या कोपरापर्यंत घसरत होत्या आणि गडी त्या वर ओढत होते.  आईने नुसता पदर खोचला.

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. म्हणजे गावकार, गावचा मानकरी, देवापुढे उभा राहून मोठ्याने देवाकडे मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. माणसं ते अर्धवट झोपेतही म्हणतात, तंबाखू मळता मळता म्हणतात. काय मागितलं ते ऐकलंच पाहिजे असं नाही. ते देव ऐकतो. ‘होय म्हाराजा’ म्हटलं की मागणं गावाचं झालं.

गावकाराने सुरू केलं. लेकरं खेळायला उभी आहेत, त्यांना सांभाळ. होय म्हाराजा. कुणाचा हातपाय मोडू देऊ नको. होय म्हाराजा. वाडीवर कुणाची वाकडी नजर असेल तर ती तिथल्या तिथे फिरव. होय म्हाराजा. मग त्याने एकदा चाकरमान्याकडे पाहिलं. पुढचे शब्द चाकरमान्याने पढवलेले होते हे उघड दिसत होतं.

“आणि आमच्या गावचो जो झील देशासाठी धारातीर्थी पडलो, तेच्या आत्म्याक शांती दी रे म्हाराजा.”

सगळं मैदान म्हणालं, होय म्हाराजा. सवयीने. आमचे शेजारी म्हणाले, पोस्टमास्तर म्हणाले, रांगेत उभा असलेला माझा भाऊही म्हणाला. खरं सांगते, माझेही ओठ हलले.

“नाय म्हाराजा.”

आवाज आईचा होता. ती ओरडली नव्हती. बाजारात भाव नाकारावा तशी म्हणाली. पण गाऱ्हाण्याला ‘नाय’ म्हणालेलं माणूस त्या गावात कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते शेवटच्या पोरापर्यंत पोचलं. गावकार तोंड उघडं ठेवून उभा राहिला. सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्धं सोडता येत नाही, म्हटलेलं मागे घेता येत नाही, आणि देव समोरच बसलेला. मास्तर शिट्टी हातात घेऊन स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

गावकार मोठा पोचलेला माणूस होता. त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, “आमच्या गावचो जो झील लांब आसा, तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा.”

होय म्हाराजा, असं गाव यावेळी मन लावून म्हणालं. दोन-तीनदा म्हणालं. भाऊने फीत ओढून चड्डीच्या नाडीत खोचली, बाकीच्या सहांनीही काढल्या. चाकरमान्याच्या डोळ्यात पाणी होतं. फीत आखूड नव्हती, सात जणांची होती, आणि कापडाचा भाव काही कमी नव्हता, बिचाऱ्याचं दुःख मी समजू शकते.

खाडीपलीकडच्यांनी मात्र आपल्या फिती काढल्या नाहीत. हगवणीने गेलेल्या त्यांच्या माणसाने आम्हाला चांगलाच हात दाखवला. आमच्या गड्याने त्यांच्या चढाईवाल्याचा दंड पकडला तर हातात नुसती फीत आली आणि तो गडी दोघांना बाद करून पलीकडे. तसं परत झालं. आम्ही हरलो. पुढे कितीतरी दिवस गावात चर्चा चालली होती ती हीच, की फीत बांधली असती तर जिंकलो असतो. दादाचं नाव त्यात कुणी घेत नव्हतं.

हल्ली नातवंडं टीव्हीवर सामने बघतात. खेळाडूंच्या दंडावर फीत दिसली की त्यांचा वाद सुरू होतो, खेळात हे असावं की नसावं. मी त्यांना विचारते, ज्याच्यासाठी बांधली त्याच्या घरी कुणी विचारलं होतं का? ती माझ्याकडे बघतात आणि आवाज मोठा करतात. पण घरी म्हणजे तरी कुणाला, हे मलाही कळलं ते सामन्याच्या दुसऱ्या सकाळी.

त्या सकाळी आई खुशीत होती. तिने देवाला तोंडावर नाही म्हटलं होतं आणि देवाने ऐकलं होतं. मी आणि वहिनी विहिरीवर कपडे घेऊन गेलो. मी पाणी काढत होते, ती धूत होती. भाऊची चड्डी झटकली तेव्हा नाडीत अडकलेली फीत खाली पडली. वहिनीने ती उचलली, पाण्यातून काढली, पिळली आणि धुण्याच्या दगडावर सरळ करून ठेवली. तेलाने माखलेली होती, म्हणून परत उचलली आणि साबण लावून धुतली. मी म्हटलं, टाक ती, आईने बघितली तर घर डोक्यावर घेईल.

“सासूबाय नाय म्हणाल्यो,” ती म्हणाली. “गाव होय म्हणालो. माका कोणी इचारूक नाय.”

मी वर आलेली घागर काठावर टेकवली. तिला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, एवढंच मी कसंबसं विचारलं.

“माका रडूचा आसा, वन्सं. इतकोच. ती फीत बघून माका वाटला, आता कोण तरी माका रडूक देतला.”

मागे पातेलं दगडावर टेकल्याचा आवाज झाला. आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं हे तिच्या तोंडावरून कळत होतं. आता फीत विहिरीत जाणार आणि मागोमाग आम्ही दोघीही, असं मला वाटलं. आई ओल्या दगडावर वहिनीच्या शेजारी बसली. नऊवारी लुगडं भिजलं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. तिने वहिनीची हनुवटी धरून रोजच्यासारखं कपाळ बघितलं.

“कुकू पुसू नको,” ती म्हणाली. “पण रड गो. रड.”

वहिनी रडली. हिवाळाभर, उन्हाळाभर काय काय साठलं होतं देव जाणे. माणूस एवढ्या मोठ्याने रडतं हे मला माहीत नव्हतं. माडांत काम करणारे गडी विहिरीत कुणी पडलं समजून दोर घेऊन धावले. शेजारणी आल्या. चाकरमानी अर्धी दाढी साबणात घेऊन आला. आई वहिनीला छातीशी धरून बसलेली, दगडावर काळी फीत, हे बघून सगळ्यांना एकच वाटलं आणि पुरुषांचे हात डोक्यावरच्या टोप्यांकडे गेले. तार आली काय, असं कुणीतरी हळूच विचारलं.

“तार खंयची?” आई म्हणाली. “काय येवक नाय. सून रडता माझी. जावा तुमी आपापल्या कामाक.”