मिलिंदचे साहेब

माणूस असेपर्यंत त्याचे किस्से कोणी सांगत नाही, कारण तो स्वतःच समोर बसलेला असतो. मिलिंद गेल्यापासून मात्र सिंगापूरच्या आंग मो किओमधल्या ऑफिसातले आम्ही जुने लोक कुठेही भेटलो, हॉकर सेंटरला जेवताना किंवा कुणाच्या घरी गणपतीला, की त्याचा एक तरी किस्सा निघतोच. आणि मिलिंदचा किस्सा म्हटला की त्यात 'साहेब' आलेच.

साहेब म्हणजे आमचा बॉस नव्हे. जपानचा एक रिटायर्ड बेसबॉल पिचर. कंपनीने मिलिंदला ट्रेनिंगला ओसाकाला पाठवलं होतं, तिथे हा माणूस अजून खेळत होता तेव्हा त्याने त्याला बॉल टाकताना पाहिलं. पुण्यात क्रिकेटवर वाढलेला मुलगा, परत आला तो बाटूनच!

*

रविवारी आम्ही मराठी मंडळी क्रिकेट खेळायचो. एकदा मिलिंदने थेट साहेबांची ॲक्शन करून बॉल टाकला. अंपायरने नो-बॉल दिला.

"अरे, तू फेकतोयस."

"फेकतोयच," मिलिंद शांतपणे म्हणाला. "तुम्ही खेळ चुकीचा निवडलाय."

*

मग आमचं डिपार्टमेंट बंद झालं. एचआरवाली एकेकाला काचेच्या केबिनमध्ये बोलवत होती. बहुतेक जण एम्प्लॉयमेंट पासवर. नोकरी गेली की देश सोडायची वेळ.

मिलिंद केबिनमधून बाहेर आला, पॅन्ट्रीतून ओलं फडकं आणलं आणि आपलं टेबल पुसायला लागला. ड्रॉवर, खुर्चीचे हात, सगळं.

"राहू दे ना, क्लीनर येईल," मी म्हटलं.

"क्लबने साहेबांना काढलं, तेव्हा त्यांनी लॉकर पुसून दिला होता."

"का?"

"पुढच्याला आपला वास यायला नको म्हणून."

*

त्याला सिंगापुरातच, पाया लेबार भागात, दुसरी नोकरी मिळाली. जरा स्थिरावला, आणि पॅन्क्रियाजचा कॅन्सर निघाला.

रिपोर्ट ऐकायला मी सोबत होतो, कारण बायकोला, रोहिणीला, त्याने येऊ दिलं नव्हतं. डॉक्टर तरुण चिनी बाई. मिलिंदने तिला विचारलं, बेसबॉल कळतो का? नाही म्हणाली. मग यानेच समजावलं. नऊ इनिंग असतात, नववी संपली की खेळ खलास.

"मी कितव्या इनिंगमध्ये आहे?"

तिने स्क्रीनवरचा रिपोर्ट पुन्हा एकदा वर-खाली केला. "आठव्या," म्हणाली.

घरी रोहिणी दारातच उभी होती. "काय म्हणाली डॉक्टर?"

"सहावी इनिंग चालू आहे."

लग्न झाल्यापासून बेसबॉल ऐकत आलेली ती. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. "मग पुष्कळ खेळ आहे अजून," म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. बराच वेळ बंद केला नाही.

*

त्यानंतर साहेब सिंगापूरला आले, लहान मुलांच्या बेसबॉल कॅम्पसाठी. मिलिंदला आधाराशिवाय चालवत नव्हतं. त्याची मुलगी इरा आणि मी त्याला टॅक्सीने घेऊन गेलो.

ग्राउंडवर टोपी घातलेला, पोक आलेला एक माणूस मुलांना सह्या देत होता.

"पप्पा, ही इज जस्ट ॲन ओल्ड मॅन लाह," इरा पुटपुटली.

"हो गं. म्हातारेच आहेत," मिलिंद म्हणाला. त्याची नजर हलत नव्हती.

आमचा नंबर आला. साहेबांनी उजवा हात पुढे केला. तो सरळ होत नव्हता. आयुष्यभर बॉल टाकून कोपरात वाकडाच राहिला होता. मिलिंदने शेकहँड केलाच नाही, तो हात नुसता दोन्ही हातांत धरून ठेवला. साहेबांचं लक्ष त्याच्या दंडावरच्या पट्टीकडे गेलं. तिथून केमोची नळी बाहेर आली होती. ते जपानीत काहीतरी बोलले. मिलिंदने ओसाकात शिकलेल्या मोडक्यातोडक्या जपानीत उत्तर दिलं. मग मिलिंदने काहीतरी विचारलं, ते बोलले. मागे लाइन खोळंबली होती.

टॅक्सीत बसल्यावर इराने विचारलं, "व्हॉट डिड ही आस्क यू?"

"दुखतं का, म्हणाले."

"अँड?"

"मी म्हटलं, नाही. मग मी त्यांना तेच विचारलं."

"ही सेड व्हॉट?"

"तेही नाही म्हणाले."